‘नेटिव्ह’ म्हणजे नेमकं कुठलं गाव? शब्दाचा उगम, अर्थछटा आणि फॉर्मातला रकाना

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ‘तुमचं नेटिव्ह कुठलं?’ हा प्रश्न मराठीतही विचारतात, कन्नडमध्येही विचारतात. शाळेचा प्रवेशअर्ज, कंपनीचा जॉईनिंग फॉर्म, लग्नाचा बायोडाटा, सगळीकडे ‘नेटिव्ह प्लेस’ असा रकाना असतो. एकाच घरातली भावंडं त्यात वेगवेगळी गावं लिहितात: कुणी जन्म झाला ते, कुणी वडिलोपार्जित शेत आहे ते, कुणी कुलदैवताचं. पुढे दोन कागद शेजारी ठेवले की कारकून विचारतो, ‘यातलं खरं कुठलं?’

धाग्यात दोन गोष्टी हव्यात. एक, हा शब्द कुठून आला आणि त्याचे अर्थ कसे फिरले. दोन, कुठल्या कागदावर कुठलं गाव लिहायचं. जाणकारांनी तपशिलात लिहावं. सीमावादाच्या राजकारणाला दुसरे धागे आहेत.

शब्दमूळ

लॅटिनमध्ये ‘नास्की’ म्हणजे जन्मणे. त्यावरून ‘नातुस’, जन्मलेला. त्यावरून विशेषण ‘नातिवुस’, जन्माबरोबर आलेला, उपजत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘नातिफ’ झालं आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत विशेषण म्हणून आला. म्हणजे मूळ अर्थात गाव नाहीच, फक्त जन्म आहे. जागा नंतर चिकटली.

‘नातुस’चं जुनं रूप ‘ग्नातुस’ होतं. शब्दाच्या तोंडाशी आलेला ग् लॅटिनमध्ये गळून गेला, पण जोडशब्दाच्या पोटात टिकला: ‘कॉग्नेट’, ‘प्रेग्नंट’. या ग् मुळेच संस्कृतशी नातं दिसतं. मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या त्या तालव्य ग् चा संस्कृतात ज् होतो. लॅटिन ‘गेनुस’ (कुळ, वंश) आणि संस्कृत ‘जनस्’ ही तर समोरासमोर ठेवता येणारी जोडी आहे. जन्म, जनक, जननी, जात, जाति हे सगळे त्याच धातूचे. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची, तिथे त्याच ग् चा क् झाला, म्हणून ‘किन’ (नातलग) आणि ‘काइंड’ (प्रकार). त्यामुळे ‘नेटिव्ह’ आणि ‘किन’ ही एकाच मुळाची दोन फळं इंग्रजीत शेजारी नांदतात. एक फ्रेंचमार्गे आलेलं, एक घरचं.

याच कुळातले आणखी शब्द: नेशन, नेचर, नेटल, इनेट, रेनेसाँ. ‘नाईव्ह’ हा तर तोच ‘नातिवुस’, फ्रेंचमधून वेगळ्या वाटेने आणि उशिरा, सतराव्या शतकात आलेला. जन्मला तसाच राहिलेला, म्हणून भोळा. ‘इंडिजिनस’मध्येही हाच धातू आहे, ‘आत जन्मलेला’ या अर्थाने. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचं नावही इथलंच: 1497 च्या ख्रिसमसच्या सुमारास वास्को द गामा त्या किनाऱ्यावरून गेला, आणि पोर्तुगीजमध्ये ‘नाताल’ म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. आपण डिसेंबरात म्हणतो तो ‘नाताळ’ही पोर्तुगीजांकडूनच आला.

घटप्रभाकाठ

मग नात, नातू हेही यातलेच ना? आवाज तर तोच आहे.

शब्दमूळ

नाही. नातू हा संस्कृत ‘नप्तृ’वरून. त्याचा लॅटिन भाऊ ‘नेपोस’ (नातू), आणि त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘नेफ्यू’. ‘नप्तृ’मधला प् मराठीत येताना त् मध्ये विरला आणि मागचा स्वर लांबला, जसं ‘सप्त’चं सात, ‘तप्त’चं तातं. ‘नातुस’मधला न् आधी ग्न् होता, ‘नप्तृ’मधला पहिल्यापासून न् च. आजचा आवाज जुळतो म्हणून कुळ जुळत नाही; दोन्ही शब्दांचं जुनं रूप काढून पाहावं लागतं.

पंचांगवाला

या शब्दाचा एक अर्थ इंग्रजी ज्योतिषात अजून रोज वापरला जातो आणि तो कोशात शेवटी कुठेतरी पडलेला असतो. ज्याची पत्रिका मांडली त्या व्यक्तीला इंग्रजीत ‘नेटिव्ह’ म्हणतात, पत्रिकेला ‘नेटिव्हिटी’. आपल्याकडे त्याला ‘जातक’ म्हणतात. ‘जात’ आणि ‘नातुस’ एकाच धातूचे, हे वर आलंच आहे.

पत्रिकेसाठी लागतं ते जन्मस्थळ, मूळगाव नव्हे. कारण लग्नराशी काढायला त्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश आणि स्थानिक सूर्योदय लागतो. घर अथणीला आणि जन्म मिरजेच्या दवाखान्यात असेल तर मिरजच घालायचं. मिरज ते अथणी अंतर थोडं आहे, लग्न सहसा बदलणार नाही. पण मूळगाव कोकणातलं किंवा हैदराबादेकडचं घातलं तर काही मिनिटांचा फरक पडतो, आणि जन्मवेळ लग्नराशीच्या काठावर असेल तर पत्रिकाच बदलते. बायोडाटात ‘नेटिव्ह’ म्हणून दिलेलं गाव सॉफ्टवेअरमध्ये जन्मस्थळ म्हणून टाकणं ही फार वेळा होणारी चूक आहे.

कॅम्प_लायब्ररी

नामाचा इतिहास विशेषणाइतका सरळ नाही. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात ‘नातिवुस’ म्हणजे जन्मानेच वेठीला बांधलेला कुळवाडी. पंधराव्या शतकात इंग्रजीत ‘नेटिव्ह’ हे नाम आलं तेव्हा हाच अर्थ होता: बंधनात जन्मलेला माणूस. ‘अमुक ठिकाणी जन्मलेला’ हा आजचा अर्थ सोळाव्या शतकातला. मग युरोपीय लोक जिथे जिथे सत्ता गाजवू लागले तिथल्या मूळ लोकांना हा शब्द लागला आणि एकोणिसाव्या शतकात त्यात तुच्छता आली.

‘व्हर्नाक्युलर’चंही असंच आहे. लॅटिन ‘वेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचा, स्थानिक’, आणि पुढे ‘देशी भाषा’. 1878 च्या व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टच्या नावात हाच शब्द आहे.

बेळगावच्या दृष्टीने एक नोंद महत्त्वाची. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे. तिच्या जुन्या पलटणींच्या नावात ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ असायचं. 1885 मध्ये हिंदुस्थानी पलटणींच्या नावांतून ‘नेटिव्ह’ काढून टाकलं. त्यामुळे जुन्या सनदा, थडग्यांवरचे लेख किंवा पेन्शनचे कागद वाचताना पलटणीच्या नावात ‘नेटिव्ह’ दिसलं तर कागद साधारण 1885 च्या आधीचा धरावा, नसेल तर नंतरचा. तारीख पुसट झालेली असते तेव्हा ही खूण कामाला येते. अर्थात नंतरच्या लेखकाने जुनं नाव सवयीने लिहिलेलं असू शकतं, म्हणून एवढ्या एका खुणेवर निर्णय करू नये.

‘नेटिव्ह स्टेट’ म्हणजे संस्थान. रामदुर्ग, जमखंडी, सांगली, मिरज, कुरुंदवाड ही सगळी या भागातली. त्यामुळे आजोबांच्या कागदावर जन्म ‘रामदुर्ग संस्थान’ असा असेल तर तो ब्रिटिश बेळगाव जिल्ह्यातला नव्हे. 1948 मध्ये ही दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. जुनी जन्मनोंद शोधताना दप्तर आधी संस्थानाचं बघायचं की जिल्ह्याचं, हे यावरून ठरतं.

मलप्रभा

कन्नडची बाजू मांडते. कन्नडमध्ये साधा प्रश्न ‘निम्म ऊरु यावुदु?’ असा. ‘ऊरु’ म्हणजे गाव, आणि विचारणाऱ्याला राहतं गाव नव्हे तर ज्याचे तुम्ही, ते गाव हवं असतं. नेमकं सांगायचं असेल तर ‘हुट्टूरु’ म्हणजे जन्मगाव, ‘स्वंत ऊरु’ म्हणजे आपलं, मूळचं गाव, ‘तवरूरु’ म्हणजे बाईच्या माहेरचं गाव. इंग्रजीतलं ‘नेटिव्ह प्लेस’ हे बोलताना ‘स्वंत ऊरु’च्या जागी बसलं, ‘हुट्टूरु’च्या नव्हे. भारतीय इंग्रजीत, विशेषतः दक्षिणेत, ‘प्लेस’ गळून नुसतं ‘नेटिव्ह’ उरलं आणि ते नाम झालं: ‘सुट्टीत नेटिव्हला जातो.’ लंडनच्या माणसाला हे वाक्य कळणार नाही, कारण त्याच्याकडे ‘नेटिव्ह’ हे नाम माणसाला लागतं, गावाला नाही.

मराठीतही विभागणी अशीच पक्की आहे: जन्मगाव, मूळगाव, आजोळ, माहेर, सासर. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजामुळे थोरल्या मुलाचं जन्मगाव आणि आजोळ बहुधा एकच, आणि मूळगाव निराळं. आता बाळंतपण दवाखान्यात, म्हणून जन्मगाव म्हणजे बेळगाव, कोल्हापूर, मिरज किंवा हुबळी, जिथे घरातलं कुणी राहतही नाही.

टिळकवाडीकर

आडनावांचं काय? ‘कर’ लावलेलं आडनाव हाच मूळगावाचा पुरावा धरतात काही लोक.

शब्दमूळ

पुरावा म्हणून कच्चा, खूण म्हणून चांगला. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच माणसाला गावाच्या नावाने ओळखतात. खानापुरात सगळेच खानापूरचे, तिथे ‘खानापूरकर’ म्हणून कुणाला वेगळं काढता येत नाही. म्हणून ‘कर’ आडनाव बहुधा पूर्वज कुठून निघाले ते सांगतं, आज कुठले आहेत ते नाही. शिवाय एकाच नावाची गावं अनेक असतात, त्यामुळे तालुका कळल्याशिवाय ते अपुरंच.

रानवाट

वनस्पतींच्या बाबतीत ‘नेटिव्ह’ हा शब्द जास्त काटेकोर आहे. माणसाच्या मदतीशिवाय जी जात त्या भागात आली, रुजली, ती नेटिव्ह. फक्त त्याच भागात सापडते आणि जगात दुसरीकडे नाही, ती एंडेमिक. बाहेरून आणलेली पण आता आपली आपण बी टाकून वाढणारी, ती नॅचरलाइज्ड. प्रत्येक एंडेमिक जात नेटिव्ह असते, उलट खरं नाही.

निपाणीची तंबाखू, बेळगाव तालुक्यातला बटाटा, खानापूर-चंदगड पट्ट्यातला काजू, बाजारातली मिरची: सगळी मूळची अमेरिका खंडातली. तंबाखू, मिरची, काजू पोर्तुगीजांच्या हाताने आली. गुलमोहर मादागास्करचा. घाणेरीही अमेरिकेची, आणि ती खानापूरच्या रानात इतकी माजली आहे की लोक तिला रानचीच समजतात. ‘गावठी मिरची’ म्हणताना आपण बियाणं स्थानिक आहे एवढंच म्हणतो. तो अर्थही बरोबर आहे, पण वृक्षारोपणाच्या यादीत ‘देशी झाडं’ लिहायचं असेल तर ‘शंभर वर्षं इथे आहे’ हा निकष चालत नाही. जांभूळ, ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा लिहा. त्यातही पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत, सौंदत्ती-गोकाककडे, घाटातली झाडं लावू नका. नेटिव्ह हे देशाला नव्हे, अधिवासाला जोडलेलं असतं. 3000 मिलिमीटर पावसात वाढणारं रोप 600 मिलिमीटरच्या माळावर पहिल्याच उन्हाळ्यात जळतं. तिथे कडुनिंब, बाभूळ, आपटा बरे.

खनिजशास्त्रात ‘नेटिव्ह कॉपर’, ‘नेटिव्ह गोल्ड’ म्हणजे निसर्गात शुद्ध धातूच्याच रूपात मिळणारं, धातुकातून गाळावं न लागणारं. ‘उपजत’ हा जुना अर्थ तिथे तसाच राहिला आहे.

दाखले_माहिती

आता कागदांकडे येतो. ‘नेटिव्ह’ ही कायद्यातली संज्ञा नाही, म्हणून त्या रकान्याची व्याख्या शोधत बसू नये. कायद्यात जन्मस्थान आणि निवास असे दोन वेगळे शब्द आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 16(2) मध्ये दोन्ही आहेत, तर 15(1) मध्ये फक्त जन्मस्थान. या फरकावरच 1955 चा डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उभा आहे: इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा फी घेणं हा निवासावरचा भेद, जन्मस्थानावरचा नव्हे, म्हणून अनुच्छेद 15 आड येत नाही. पुढे 1984 च्या प्रदीप जैन निकालात न्यायालयाने सांगितलं की भारतात डोमिसाईल, म्हणजे कायद्याच्या भाषेतला अधिवास, एकच, भारताचं. राज्याचं वेगळं डोमिसाईल म्हणणं चूक. तरी व्यवहारात दाखल्याला ‘डोमिसाईल’च म्हणतात.

जन्मदाखला. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, घर कुठेही असो. निपाणीच्या बाईचं बाळंतपण कोल्हापुरात झालं तर नोंद कोल्हापूर महापालिकेकडे, आणि राज्य महाराष्ट्र. आईवडिलांचा कायमचा पत्ता त्याच दाखल्यात वेगळ्या रकान्यात येतो. तिथे निपाणीचा पूर्ण पत्ता लिहून घ्या, पुढे फार उपयोगी पडतो. मुदत 21 दिवस. 21 ते 30 दिवस विलंब शुल्क, 30 दिवस ते 1 वर्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. 2023 च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी देतात, पूर्वीसारखं न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. बाळाचं नाव पहिल्या 12 महिन्यांत शुल्काशिवाय घालता येतं, तेव्हा ते रिकामं ठेवून विसरू नका.

पासपोर्ट. रकाना जन्मस्थळाचा आहे. जन्मदाखल्यावरचं गाव घाला. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. राज्य आणि जिल्हा आजच्या यादीतले निवडायचे: 1950 मध्ये बेळगावात जन्मलेल्या माणसाचं गाव तेव्हा मुंबई राज्यात होतं, 1 नोव्हेंबर 1956 पासून म्हैसूर राज्यात, 1973 पासून त्या राज्याचं नाव कर्नाटक, अर्जात कर्नाटकच येईल.

शहराचं नाव. 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी. जुन्या दाखल्यावर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असेल तर तो जन्मस्थळातला फरक नाही, नामांतर आहे. पण एकाच अर्जात दोन स्पेलिंगं लिहू नका. संगणक ती दोन गावं धरतो. सोबत जोडणार त्या पुराव्यावर आहे तेच लिहा.

जातीचा दाखला. इथे मात्र खरोखर मूळगाव लागतं, आणि तेही ठरावीक तारखेचं. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या दिवशी कुटुंब कायमचं कुठे राहत होतं, हे पाहतात. अर्जदाराचा जन्म कोल्हापुरात झाला पण आजोबा त्या तारखेला हुक्केरी तालुक्यात होते, तर मूळ कर्नाटकचं ठरतं. अनुसूचित जाती-जमातींना राज्य बदललं की नव्या राज्यात तो लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितलं आहे. जन्मदाखला दाखवून हे बदलत नाही, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात.

घटप्रभाकाठ

अभियांत्रिकी प्रवेशाचं सांगाल का? सीमाभागातल्या मुलांना दोन्ही राज्यं दिसत असतात.

दाखले_माहिती

महाराष्ट्राच्या प्रवेशात ‘प्रकार अ’साठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी, आणि त्याबरोबर महाराष्ट्राचा अधिवास दाखला किंवा महाराष्ट्रात जन्म. म्हणजे कोल्हापूर-मिरजेच्या दवाखान्यातला जन्म इथे उपयोगी पडतो, पण एकटा पुरत नाही. शिक्षणही तिकडेच झालेलं हवं. विवादित सीमाभागासाठी ‘प्रकार ई’ वेगळा आहे. त्यात जन्माची अट नाही: परीक्षा सीमाभागातल्या संस्थेतून उत्तीर्ण आणि मातृभाषा मराठी. महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांशी हा विषय जोडलेला आहे, त्यामुळे दाखल्यात गावाचं नाव यादीतल्यासारखंच आलं पाहिजे. मातृभाषेचा दाखला परीक्षेच्या आधीच काढून ठेवा.

कर्नाटकच्या सीईटीत (सामायिक प्रवेश परीक्षेत) सर्वसाधारण अट पहिली ते बारावीपैकी किमान 7 वर्षं कर्नाटकात शिकल्याची. तिथेही जन्म विचारात नाही. तिकडची आरशातली बाजू म्हणजे ‘गडिनाडु’ (सीमाभाग) कन्नडिगांची तरतूद, जत, अक्कलकोटसारख्या तालुक्यांतल्या कन्नडभाषकांसाठी. दोन्ही राज्यांनी सीमेवर जन्माऐवजी भाषा आणि शाळा धरली, आणि ते योग्यच आहे, कारण बाळंतपणाचा दवाखाना माणूस कुठला हे ठरवू शकत नाही. दरवर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा, कागदांची यादी बदलते.

कॅम्प_लायब्ररी

केंद्र सरकारी नोकरांसाठी भर घालतो. एलटीसीत, म्हणजे रजा प्रवास सवलतीत, ‘होम टाऊन’ जाहीर करावं लागतं. 1988 च्या नियमांनुसार निकष असे: कौटुंबिक आणि सामाजिक जबाबदाऱ्यांसाठी जिथे जावं लागतं, जिथे स्वतःची किंवा एकत्र कुटुंबाची मालमत्ता आहे, जवळचे नातेवाईक राहतात, नोकरीपूर्वी काही वर्षं वास्तव्य होतं. जन्माचा उल्लेख नाही. ‘नेटिव्ह प्लेस’ या बोलीतल्या शब्दाची सरकारी कागदातली सर्वात जवळची व्याख्या मला हीच वाटते. एकदा दिलेलं गाव नोकरीभरात एकदाच, सबळ कारण दाखवून बदलता येतं, म्हणून विचार करून भरा.

मलप्रभा

जनगणनेतही हा गुंता त्यांनी फार चांगला सोडवला आहे. जन्मस्थळ आणि ‘आधीचं वास्तव्याचं ठिकाण’ असे दोन वेगळे प्रश्न. दुसरा 1971 पासून. स्थलांतराच्या कारणांत ‘जन्मानंतर हललेले’ असा पर्यायही आहे. माहेरी किंवा परगावच्या दवाखान्यात जन्मून महिन्याभरात घरी आलेलं मूल त्यात बसतं. तो पर्याय नसता तर अशी सगळी मुलं कामधंद्यासाठी किंवा कुटुंबाबरोबर गाव सोडलेल्यांत मोजली गेली असती. प्रगणक विचारेल तेव्हा जन्मस्थळ दवाखान्याचंच सांगा, आणि इथे आल्याचं कारण ‘जन्मानंतर’ असं स्पष्ट म्हणा.

टिळकवाडीकर

मग साध्या शाळेच्या अर्जात, जिथे नुसतं ‘नेटिव्ह प्लेस’ आहे?

दाखले_माहिती

त्याच अर्जात ‘जन्मस्थळ’ असा दुसरा रकाना आहे का ते आधी पाहा. असेल तर नेटिव्हमध्ये मूळगाव: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, या क्रमाने. नसेल तर शाळा ती नोंद पुढे दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून उतरवण्याची शक्यता असते, म्हणून जन्मदाखल्यावरचं गाव लिहा आणि शेजारी ‘जन्मस्थळ’ असा शब्द स्वतः घाला. दाखल्यावर एकदा चुकीचं जन्मस्थळ चढलं की विद्यार्थी शाळेत असेपर्यंतच दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावर शिक्षण खात्याची परवानगी लागते. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचून घ्या.